पोहोच आणि पल्ला

मुलांनो, समजा रविवारची दुपार आहे. बाहेर द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता तेथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे वाहनांच्या भोंग्यांचा आवाज तुमच्या घरापर्यंत येतो. आत सतरंजीवर तुम्ही चौघे बसला आहात. मध्ये चौकोन आखलेला मोठा कागद पसरला आहे. त्यावर बाटल्यांची बुचे आणि शर्टाची बटणे मांडली आहेत. ही बुचे म्हणजे वीर, आणि कागद म्हणजे एका जुन्या किल्ल्याचे तळघर.

तुमचे भाईजान गोष्ट सांगत आहेत. ते म्हणतात, "दार उघडले. समोर राक्षस उभा आहे. आता तुम्ही काय करणार?" तुम्ही उत्तर देता, फासा टाकता, आणि पडलेल्या दानाप्रमाणे गोष्ट पुढे सरकते.

या खेळात प्रत्येकाने आपला गडी स्वतः निवडायचा असतो. तुमच्या मित्राने अकरा फुटी पहिलवान निवडला आहे. तुम्ही मात्र तीन फुटांचा गडी निवडला. कदाचित शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तुम्हाला नेहमी सर्वांत पुढे उभे करतात म्हणून असेल. लगेच मित्र म्हणतो, "तुझा हात पोहोचणार कुठे? तू मागेच उभा राहा." तुम्ही चिडता. भांडण सुरू होते.

हे भांडण चौघांपुरते नाही. असा खेळ जगात जेथे जेथे खेळतात तेथे ते होते, आणि नियम लिहिणाऱ्यांनीही त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली आहेत. म्हणून आपण ते नीट समजून घेऊ.

आधी दोन शब्द. हत्यार हातात धरून आपण जितक्या दूरच्या वस्तूला लावू शकतो, ती त्याची पोहोच. उर्दूत तुम्ही 'पहुंच' म्हणता, शब्द एकच आहे. हत्यार हातातून सुटून जितक्या दूर जाते, तो त्याचा पल्ला. 'तोफ की जद में' असे तुम्ही वाचले असेल. ती 'जद' म्हणजेच पल्ला. तलवारीला पोहोच असते, बाणाला पल्ला असतो. भाल्याला दोन्ही असतात, कारण तो हातात धरून खुपसता येतो आणि फेकताही येतो. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की भांडण कधीच मिटत नाही.

सैनिकांचे खेळ फार जुने आहेत. शतरंजच घ्या. पण शतरंजच्या पटावर आकाराला काहीच किंमत नाही. प्याद्याला एक घर लागते आणि हत्तीलाही एकच. मराठीत ज्याला आपण हत्ती म्हणतो त्याला तुम्ही रुख म्हणता, आणि तुमचा फील, म्हणजे खरा हत्ती, हा मराठीतला उंट! एकाच सोंगटीला दोन भाषांत दोन वेगळे देह मिळाले, तरी तिची चाल बदलली नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. सतरंजीवर तुम्ही खेळत आहात तो याच जातीचा. यात खेळाडू एकेका माणसाची भूमिका घेतो. माणूस आला की देह आला. देह आला की उंची, वजन आणि हाताची लांबी आली. शतरंजमध्ये नसलेला प्रश्न येथे उभा राहिला.

या खेळाच्या कागदावर एक घर म्हणजे पाच फूट धरतात. साधा माणूस एका घरात उभा राहतो आणि त्याची तलवार शेजारच्या घरापर्यंत पोहोचते. २००३ साली आलेल्या नियमांत अकरा फुटी पहिलवानाला चार घरे लागतात, दोन लांबीला आणि दोन रुंदीला. त्याची पोहोच दहा फूट, म्हणजे दोन घरे. मांजराएवढ्या प्राण्याची पोहोच शून्य धरली आहे. त्याला बोचकारायचे असेल तर शत्रूच्याच घरात शिरावे लागते. आणि तीन फुटांचा गडी? त्याची पोहोच साध्या माणसाइतकीच, पाच फूट.

येथे मित्र ओरडतो, "हे कसे? तीन फुटांचा आणि साडेपाच फुटांचा सारखाच?"

त्याचा आक्षेप खोटा नाही. हिशेब करून पाहू. एक टेप घ्या आणि भावाच्या खांद्यापासून मुठीपर्यंतचे अंतर मोजा. साडेपाच फुटांच्या माणसाचे ते सुमारे दोन फूट भरेल. हातात अडीच फुटांची तलवार द्या. वार करताना तो एक पाऊल पुढे टाकतो, त्याचे दोन फूट धरा. एकूण झाले साडेसहा फूट. आता तीन फुटांचा गडी. त्याचा हात एक फुटाहून थोडा जास्त, त्याच्या मापाची तलवार सव्वा फुटाची, पाऊल एक फुटाचे. एकूण सुमारे साडेतीन फूट. दोघांत तीन फुटांचा फरक आहे. खऱ्या लढाईत तीन फूट म्हणजे पुष्कळ झाले. पण आपल्या कागदावर पाच फुटांपेक्षा लहान माप नाहीच! साडेतीन फूट हेही एक घर आणि साडेसहा फूट हेही एकच घर. लहान गड्यावर कोणी मेहेरबानी केलेली नाही. कागदाची रेघच जाड आहे. पहिलवानाचे याच हिशेबाने तेरा फूट होतात, म्हणजे अडीच घरांपेक्षा थोडे जास्त. खेळ त्याला दोनच देतो. रेघेने त्याचेही थोडे कापले.

आता हत्यार बदला. दोघांच्याही हातात सारखाच भाला द्या, मुठीपुढे पाच फूट येईल असा. मोठ्याचे झाले दोन, पाच आणि दोन मिळून नऊ फूट. लहानाचे एक, पाच आणि एक मिळून सात. तलवारीच्या वेळी लहान गडी जेमतेम निम्म्यावर होता, आता तो पाऊण हिश्शाच्याही पुढे गेला. हत्यार जितके लांब, तितका देहातला फरक कमी होतो. म्हणून आपल्याकडच्या मर्दानी खेळांत नुसती तलवार नाही. लाठी आहे, भाला आहे, दांडपट्टा आहे. घोडेस्वाराच्या सरावासाठी बोथाटी होती, म्हणजे टोक बोथट केलेला लांब बांबू. मिरवणुकीत लाठी फिरवणारी लहान मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या भोवतीचे रिकामे वर्तुळ केवढे मोठे असते!

पण लांबी फुकट मिळत नाही. एक प्रयोग करा. हातभर लांबीची काठी एका टोकाला धरून आडवी ठेवा. मग तितकीच जाड, पण दुप्पट लांब काठी तशीच धरा. मनगट लगेच दुखू लागेल. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही तरफ शिकला आहात. दुप्पट लांब काठीचे वजन दुप्पट असते. शिवाय ते वजन मनगटापासून दुप्पट अंतरावर लोंबत असते. त्यामुळे मनगटावरचा भार चौपट होतो. म्हणूनच लाठी एका टोकाला धरत नाहीत, दोन्ही हातांनी आणि आतल्या बाजूला धरतात. तशी धरली की थोडी पोहोच जाते, पण काठी हातात राहते. लहान मुलाला काठी देताना ती त्याच्या उंचीला बेतून देतात, याचेही कारण हेच आहे.

आता आपण ताकदीपर्यंत आलो. इटलीचा शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात राक्षसांविषयी एक सुंदर गोष्ट सांगितली. एखादा माणूस सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर त्याची उंची दुप्पट होते. पण त्याच्या हाडांची आणि स्नायूंची जाडी, म्हणजे कापल्यावर दिसणारे क्षेत्र, चौपट होते. आणि वजन? लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट झाल्यामुळे ते आठपट होते. ताकद स्नायूच्या क्षेत्रावर अवलंबून असते. म्हणजे ताकद चौपट, पण ओझे आठपट! राक्षस आपल्याच देहाखाली वाकतो. मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा ओढते आणि हत्ती आपल्या वजनाइतके ओझे उचलू शकत नाही, त्याचे कारणही हेच.

हा हिशेब उलटा करा. निम्म्या उंचीच्या माणसाची ताकद पाव असते. त्याच्या मापाची, सर्व बाजूंनी निम्मी, तलवार आठव्या हिश्श्याच्या वजनाची होते. ती तो आनंदाने फिरवील. पण मोठ्या माणसाची तलवार त्याच्या हातात दिली, तर पाव ताकदीने पूर्ण वजन उचलावे लागेल. २०१४ सालच्या नियमांत हेच मनात धरून लिहिले होते, की जड हत्यार वापरताना लहान गड्याने दोनदा फासा टाकावा आणि त्यातले कमी दान घ्यावे. लांब धनुष्यही या जड हत्यारांतच मोडत असे. २०२४ साली नियम पुन्हा बदलले. आता उंची विचारत नाहीत. जड तलवारीसाठी ताकद आणि जड धनुष्यासाठी चपळाई पुरेशी आहे की नाही, एवढेच पाहतात. मला हा बदल पटतो. ठेंगणा पण कसलेला माणूस आणि उंच पण अशक्त माणूस आपण रोज पाहतो. हत्याराला तुमची उंची कळत नाही, मनगट कळते.

पोहोचीचे झाले. पल्ल्याची गोष्ट याहून नवलाची आहे.

तुम्हाला वाटेल, पहिलवान दुप्पट उंच म्हणजे त्याने फेकलेला दगड दुप्पट दूर जाईल. आपण पुन्हा हिशेब करू. फेकताना दगडाला मिळणारी ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते: जोर किती लावला, आणि तो किती अंतरभर लावला. पहिलवानाचा जोर चौपट. त्याचा हात दुप्पट अंतर फिरतो. म्हणजे ऊर्जा आठपट. पण त्याच्या मुठीच्या मापाचा दगडही आठपट जड! आठपट ऊर्जेने आठपट जड दगड फेकला, तर वेग तितकाच राहतो आणि दगड साधारण तितक्याच दूर पडतो. २००३ सालच्या नियमांत लहान आणि मोठ्या गड्यांच्या हत्यारांचा पल्ला सारखाच ठेवला आहे. पाहणाऱ्याला ते चुकीचे वाटते, पण विज्ञान बरेचसे नियमाच्या बाजूने आहे.

बरेचसे, पूर्ण नाही. एकच दगड दोघांना दिला तर मोठा जिंकणार. शिवाय हलक्या बाणाला हवा लवकर अडवते, त्यामुळे छोट्या धनुष्याचा बाण थोडा आधी पडतो. २०१४ च्या नियमांत छोट्या धनुष्याचा सोपा पल्ला ८० फूट आणि लांब धनुष्याचा १५० फूट दिला आहे. येथे फरक धनुष्याचा आहे, ते धरणाऱ्याचा नाही.

आता कागद सोडून मैदानात या. २०२४ साली पॅरिसमध्ये नीरज चोप्राने ऑलिंपिकमध्ये ८९.४५ मीटर भाला फेकला आणि रौप्यपदक मिळवले. त्यानंतर काही दिवसांनी त्याच शहरात पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे ठेंगण्या खेळाडूंच्या गटात नवदीप सिंहने ४७.३२ मीटर भाला फेकला आणि सुवर्णपदक मिळवले. नवदीपची उंची साडेचार फुटांपेक्षा कमी आहे आणि त्याच्या गटातला भाला हलका असतो. दोघेही पानिपत जिल्ह्याचे. (मराठी माणसाला पानिपत म्हटले की वेगळीच लढाई आठवते, ते राहू द्या.) ४७ मीटर म्हणजे किती? शाळेच्या मैदानात पावलांनी मोजा. सुमारे १५५ फूट होतात. आपल्या कागदावर ती एकतीस घरे झाली. पहिलवानाची पोहोच किती होती? दोन घरे.

देह न वाढवता पल्ला वाढवण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्वारी-बाजरीच्या शेतात कणसे भरली की पाखरे येतात. राखण करणारा माळ्यावर उभा राहतो आणि गोफण फिरवतो. गोफण म्हणजे दोन दोऱ्यांमध्ये बांधलेली छोटी खोळ. तिच्यात दगड ठेवतात, त्याला गोफणगुंडा म्हणतात. गरगर फिरवून एक दोरी सोडली की गुंडा सुटतो. फिरणाऱ्या वस्तूचे टोक जितके लांब, तितका त्याचा वेग जास्त. दोरीमुळे हात जणू आणखी लांब होतो, पण त्याचे वजन वाढत नाही. लाठीला जे जमले नाही ते दोरीला जमले. राखणीला पुष्कळदा लहान मुलेच असत, आणि पाखरे त्यांना मोठ्यांइतकीच भीत.

अमीर हमजाच्या दास्तानीतला अमर अय्यार तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच दास्तानीत लंधौर हा अवाढव्य वीर आहे. त्याच्या हातात प्रचंड गुर्ज, म्हणजे गदा. अमर अंगाने किडकिडीत. तो गुर्ज उचलायला जात नाही. त्याची भिस्त चपळ पायांवर, कमंदीवर आणि युक्तीवर. दास्तान सांगणाऱ्यांनी तरफ आणि ऊर्जा यांचा हिशेब मांडला नसेल, पण कोणाच्या हातात काय द्यावे हे त्यांना बरोबर कळत होते.

देहाच्या आकारामुळे पल्ला खरोखर वाढतो अशी एक जागा मात्र आहे. हत्यार फेकायचे नसून वाहून न्यायचे असते, तेथे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त दोन तोफांची नावे येतात. एक हत्ती नेऊ शकेल ती गजनाळ, आणि एक माणूस नेऊ शकेल ती नरनाळ. उंटावरच्या छोट्या तोफेला शुतरनाळ म्हणत. यातला 'शुतर' तुम्हाला समजावून सांगायला नको. ती मराठ्यांच्या फौजांतही होती. येथे नावच सांगते की हत्यार कोणाच्या पाठीवर बसले आहे. मोठी पाठ, मोठी नळी, जास्त दारू, लांबचा पल्ला. पण हत्तीला लपता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मोठेपणाची ही दुसरी बाजू आपल्या कागदावरही आहे. चौकात लांबलचक ट्रक वळताना पाहा. त्याला केवढी जागा लागते! रिक्षा त्याच्या कडेने निघून जाते. खेळातही एका घरात उभ्या असलेल्या गड्याभोवती आठ घरे असतात. चार घरे अडवणाऱ्या पहिलवानाभोवती मोजा, बारा भरतील. म्हणजे आठांऐवजी बारा जण त्याला घेरू शकतात.

आता सतरंजीवर परत या. भाईजानांच्या राक्षसाच्या हातात लांब भाला आहे. त्यांनी २००३ सालचे नियम घेतले आहेत. त्या नियमांत लांब भाला पोहोच दुप्पट करतो. राक्षसाची दोन घरे होती, ती चार झाली. पण पुढची ओळ मित्राने वाचलेली नाही. असा भाला जवळच्या शत्रूला मारता येत नाही. राक्षसाचा भाला तिसऱ्या आणि चौथ्या घरात चालतो. पहिल्या आणि दुसऱ्या घरात तो निकामी आहे. हे केवळ खेळातले नाही. खऱ्या लढाईतही भाल्याच्या टोकाच्या आत शिरलेल्या माणसापुढे भालाईताला भाला टाकून कट्यार काढावी लागे.

तुमचा तीन फुटी गडी राक्षसापासून पाच घरांवर उभा आहे. हातात सव्वा फुटाची तलवार आहे. चौथे आणि तिसरे घर ओलांडताना भाल्याचा वार होऊ शकतो. तेथून निसटलात तर राक्षसाच्या अगदी शेजारी पोहोचाल, आणि तेथे तुमची पोहोच पूर्ण एक घर आहे. मित्र आता गप्प बसून कागदाकडे पाहत आहे. अम्मी आतून जेवायला हाक मारत आहेत. भाईजान विचारतात, "काय करणार?"

दोन घरे ओलांडायची आहेत, आणि फासा तुमच्या हातात आहे.